तत्त्वज्ञानाचें पहिलें वाचन

तत्त्वज्ञान वाचावें अशी इच्छा सुशिक्षित गृहस्थाच्या मनांत बहुधा चाळिशीच्या सुमारास उत्पन्न होते. मुलें शाळेंत जाऊं लागलेलीं असतात, नोकरी किंवा वकिली मार्गीं लागलेली असते, आणि एखाद्या संध्याकाळीं, पुष्कळदां घरांत एखादें दुःख होऊन गेल्यावर, त्याला वाटूं लागतें कीं आत्मा, कर्म, सत्य, पुण्य हे जे शब्द जन्मभर सहज वापरले त्यांचा नक्की अर्थ काय तें एकदां तरी पाहिलें पाहिजे. तो वाचनालयांत जातो. ग्रंथपाल त्याच्या हातीं तत्त्वज्ञानाचा एखादा इतिहास देतो. पुस्तक जाड असतें, भाषा सुबोध असते, लेखकाचा अधिकारहि मोठा असतो. पहिल्या आठवड्यांत वैदिक काळ आटोपतो, दुसऱ्यांत सांख्य आणि योग होतात, तिसऱ्यांत न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांचीं नांवें येतात, आणि चौथ्या आठवड्यांत पुस्तक परत जातें. हा विषय आपल्या बुद्धीच्या पलीकडचा आहे असा त्या गृहस्थाचा ग्रह होतो व तो पुढें कायम राहतो.

ह्यांत बुद्धीचा दोष नसतो. भुकेल्या माणसास पानावर बसविलें आणि स्वयंपाकघरांत काय काय शिजलें आहे त्याची यादी वाचून दाखविली, असा तो प्रकार असतो.

इतिहासग्रंथ निरुपयोगी आहेत असें येथें म्हणावयाचें नाहीं. ज्याचें कांहींएक मूळ वाचन झालें आहे त्यास त्यांच्यासारखा सोबती नाहीं. परंतु कितीहि प्रामाणिक सारांश घेतला तरी त्यांतून एक गोष्ट हटकून गळते, ती म्हणजे अडचण. तत्त्ववेत्त्याचें मत सारांशांत उतरतें. तें मत त्याला कां पत्करावें लागलें, कोणत्या शंकेनें त्याची झोंप उडविली होती, समोरचा काय म्हणत होता, हें उतरत नाहीं. नवख्या वाचकाला उत्तरें मिळतात आणि ज्याचीं तीं उत्तरें तो प्रश्न त्याच्या कानांवर आलेलाच नसतो.

केवळ सारांशावरून एखाद्या पक्षाची ओळख करून घेतली म्हणजे काय होतें, ह्याचें आपल्याकडील ढळढळीत उदाहरण चार्वाकाचें. लोकायत मताचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहींत. त्या मताविषयीं जें कळतें तें बहुतेक प्रतिपक्षाच्या लेखणींतून. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहां’त पहिलेंच प्रकरण चार्वाकाचें आहे, परंतु लोकांच्या तोंडीं उरला तो कर्ज काढून तूप पिणारा चार्वाक. वास्तविक त्याच प्रकरणांत एक मोठा सूक्ष्म आक्षेप नमूद आहे. धूर दिसला म्हणजे अग्नि असलाच पाहिजे असें तुम्ही म्हणतां. परंतु जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि हें सर्व काळीं व सर्व स्थळीं कोणीं जाऊन पाहिलें आहे? ह्या एका प्रश्नानें सर्व अनुमानशास्त्र हादरतें. तूप लोकांच्या लक्षांत राहिलें, धूर विरून गेला. ज्याचा मूळ ग्रंथ हरवला त्याचें असें व्हावें ह्यास इलाज नाहीं; परंतु ज्यांचे मूळ ग्रंथ शाबूत आहेत त्यांनाहि सारांशांच्या वाटेनें जाऊन असेंच वागविणें हा निव्वळ आळस होय.

मूळ ग्रंथच वाचावा म्हटलें तर दुसरी अडचण उभी राहते. कोणता वाचावा? आणि कोणत्या भाषेंतून? एकदम शांकरभाष्य हातीं घेणाऱ्याची गत इतिहासग्रंथ घेणाऱ्यापेक्षां बरी होते असें नाहीं. म्हणून कोणी तरी जाणत्यानें मूळ वचनें निवडावीं, क्रमानें लावावीं, अर्थ द्यावा आणि मग बाजूला व्हावें, ही रीति सर्व देशांत रूढ झाली. जर्मनींत रिटर आणि प्रेलर ह्या दोघां पंडितांनीं इ. स. १८३८ मध्यें ग्रीक व रोमन तत्त्वज्ञांचीं मूळ वचनें अशीच निवडून छापलीं, आणि पुढें कित्येक पिढ्यांचे विद्यार्थी त्या पुस्तकावर वाढले. सोलापूरकरांना त्यासाठीं जर्मनीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. ह्याच गांवांत आणि येथून आगगाडीनें थोड्याच अंतरावर असे तीन वेंचे-संग्रह सांपडतात. तीन भाषांतले आणि तीन पंथांचे. विशेष हें कीं, एकच प्रश्न तिघांतहि विचारलेला आहे.

प्रश्न असा : मनुष्यानें सत्कृत्य केलें तर त्यानें तो सुटतो, कीं आणखी गुंततो?

हा प्रश्न सोलापुरांत तर उघड्यावर पसरलेला आहे. सिद्धेश्वराचें तळें आणि त्यांतील देऊळ कोणास ठाऊक नाहीं? संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात, गड्ड्यावर यात्रा भरते, आणि गांवोगांवचीं माणसें त्या पाण्याच्या कांठीं जमतात. बाराव्या शतकांत शिवयोगी सिद्धराम ह्या गांवीं, तेव्हांच्या सोन्नलगींत, राहत होते. देऊळ उभारण्याचें आणि तळें खणविण्याचें श्रेय परंपरा त्यांना देते. ज्यानें सोलापूरचा उन्हाळा काढला आहे त्याला तळें खणविणें म्हणजे केवढें काम हें समजावून सांगावें लागत नाहीं. ह्या मुलुखांत पाण्यासारखें पुण्य नाहीं.

आणि ह्याच कामावर एके दिवशीं अल्लमप्रभु येऊन उभे राहतात. ही कथा ‘शून्यसंपादने’ ह्या कानडी ग्रंथांत आहे. माती उपसली जात आहे, कामकरी राबत आहेत. आणि हा आगंतुक सिद्धरामांचें नांव आदरानें न घेतां, माती खणणाऱ्यांच्या टोळीचा नाइक कोठें आहे, अशा थाटानें त्यांची चौकशी करतो. कामकरी चिडतात आणि त्याच्यावर दगड फेंकतात. सिद्धराम येतात तेहि संतापलेले. पुढें दोघांचा जो वाद चालतो तो तत्त्वज्ञानाच्या कोणत्याहि विद्यार्थ्यानें मुळांतून वाचण्यासारखा आहे. अल्लमांच्या आक्षेपाचा आशय थोडक्यांत असा कीं, तळें खणविणाराच्या मनांत ‘मी खणवितों’ हें असतें, आणि त्याच्या पाठोपाठ पुण्याची अपेक्षा असते. ह्या पाण्यानें दुसऱ्याची तहान भागेल, खणविणाराची भागली काय? सिद्धराम हें मुकाट्यानें ऐकून घेत नाहींत. ते कांहीं सामान्य गृहस्थ नव्हते. त्यांच्या पाठीशीं श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाची भक्ति होती, लोकांचें प्रेम होतें आणि समोर होऊं घातलेलें पाणी होतें. वचनाला वचन येतें, आणि अखेर सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणास बसवण्णांच्या मेळ्यांत जातात.

ह्या ग्रंथाची घडण मोठी लक्षांत घेण्यासारखी आहे. वचनें शरणांचीं, म्हणजे बाराव्या शतकांतलीं. परंतु तीं एकमेकांसमोर ठेवून त्यांचा संवाद बांधला तो पंधराव्या शतकांत. हें काम प्रथम शिवगणप्रसादि महादेवय्य ह्यांनीं केलें, आणि त्यांच्यामागून तिघांनीं त्यांत फेरबदल करून आपापलीं संपादनें सिद्ध केलीं. त्यांतील शेवटचें, गूळूर सिद्धवीरण्णोडेय ह्यांचें, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानें १९६५ ते १९७२ ह्या काळांत इंग्रजी भाषांतरासह पांच खंडांत प्रसिद्ध केलें आहे. इतिहासाचा अभ्यासक येथें लगेच हरकत घेईल, आणि ती रास्त आहे : दोघांची भेट अशीच झाली, हीं वचनें ह्याच क्रमानें उच्चारलीं गेलीं, ह्याला पुरावा काय? अल्लमांचें एखादें वचन सिद्धरामांना उद्देशून असेलच असें नाहीं. संपादकानें तें तेथें आणून बसविलें असेल. हें सर्व मान्य करूनहि नवख्या वाचकाच्या दृष्टीनें ह्या संपादकांनीं जें साधलें तें फार थोड्यांना साधलें आहे. सुटें वचन वाचलें म्हणजे वाचक मान डोलावतो. त्याच वचनासमोर तितक्याच ताकदीचा प्रतिपक्ष उभा केला म्हणजे त्याला बाजू घ्यावी लागते, आणि तत्त्वज्ञान तेथून सुरू होतें.

दुसरा संग्रह निंबाळचा. सोलापुराहून विजापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर इंडी तालुक्यांत निंबाळ नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. प्राध्यापक रामचंद्र दत्तात्रेय रानडे ह्यांनीं आपलें अखेरचें आयुष्य येथें काढलें आणि ६ जून १९५७ रोजीं येथेंच त्यांचा देह पडला. जन्म ३ जुलै १८८६ चा, जमखंडीचा. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापन, नंतर अलाहाबाद विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचें प्राध्यापकपद आणि पुढें त्याच विद्यापीठाचें कुलगुरुपद, असा त्यांचा मार्ग झाला. ग्रीक तत्त्वज्ञानाचाहि त्यांचा व्यासंग होता. उपनिषदांतील विचारांवर त्यांनीं १९२६ मध्यें जो प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं मूळ संस्कृत वचनें विषयवार छापलेलीं आहेत. ग्रंथकाराचें म्हणणें पटत नसेल तर वाचकानें पान उलटावें आणि ऋषींचे शब्द स्वतः ताडून पाहावेत. आपल्याच मताविरुद्ध साक्षीदार आणून बसविण्याचें हें धैर्य सर्व ग्रंथकारांच्या अंगीं नसतें.

मराठी वाचकाच्या दृष्टीनें त्यांचें ह्याहून महत्त्वाचें काम म्हणजे ‘वचनामृतें’. ‘ज्ञानेश्वरवचनामृत’, ‘संतवचनामृत’, ‘तुकारामवचनामृत’ आणि ‘रामदासवचनामृत’ हे चार संग्रह १९२६ च्या सुमारास निघाले. पुढें १९३३ मध्यें महाराष्ट्रांतील संतांच्या अनुभववादावर त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला तो ह्या वेंच्यांच्या पायावर उभा होता. आणि १९५४ त हिंदी संतांच्या पदांचा ‘परमार्थसोपान’ निघाला. ज्या काळीं सुशिक्षित मराठी घरांत ज्ञानेश्वरी सोंवळ्यांत ठेवलेली असे आणि कांट व हेगेल कॉलेजांत शिकविले जात, त्या काळीं संतवाणींतून तत्त्वविचार, नीतिविचार आणि साक्षात्कार असे विषय वेगळे काढून दाखविणें ही लहान गोष्ट नव्हती. ज्ञानेश्वरी हा पारायणाचा ग्रंथ आहे तसाच तो विचाराचाहि आहे, हें ह्या संग्रहांमुळें शेंकडों वाचकांच्या ध्यानांत आलें.

तथापि येथें एक तक्रार नोंदवावीशी वाटते. विषयवार वेंचे घेतले कीं सिद्धान्त एकत्र येतात आणि शंका मागें राहतात. ज्ञानेश्वरींत अर्जुन हा कांहीं नुसता श्रोता नाहीं. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं तो अगदीं कावलेला आहे. कर्मापेक्षां ज्ञान श्रेष्ठ असें तुम्हीच सांगितलें, आणि आतां ह्या घोर कर्मांत मलाच ढकलतां? वैद्यानें आधीं पथ्य सांगावें आणि मग आपल्या हातानें विष द्यावें, आंधळ्याला आडवाटेस लावावें, माकडाला मद्य पाजावें, तसें हें झालें, असे दाखले ज्ञानेश्वर त्याच्या तोंडीं घालतात. गीतेंत अर्जुनाचा हा प्रश्न दोन श्लोकांत संपतो. ज्ञानेश्वरांनीं त्याला मुद्दाम ऐसपैस जागा दिली आहे, कारण प्रश्नाला पुरतें बोलूं दिल्यावांचून उत्तराला वजन येत नाहीं हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. वेंचे काढणाराला अशा ठिकाणीं कात्री आवरणें जड जातें. म्हणून ‘वचनामृता’पासून आरंभ करणाराला एवढेंच सांगावें कीं, जो वेंचा मनांत भरेल त्याची जागा मूळ ज्ञानेश्वरींत काढावी आणि त्याच्या आधींच्या पंचवीस व नंतरच्या पंचवीस ओव्या वाचाव्यात. संग्रहाला दार समजून वागावें; त्यालाच घर समजून तेथें बिछाना पसरूं नये.

तिसरा संग्रह पुन्हां सोलापुरांतला, आणि त्याच्यामागची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे. आपली न्यायानें मिळविलेली संपत्ति कोणत्या कामीं लावावी हा विचार १९४० मध्यें त्यांच्या मनांत प्रबळ झाला. अशा वेळीं सामान्यतः जें करण्याची रीति आहे तें त्यांना सहज करतां आलें असतें. त्यांनीं मात्र देशभर हिंडून विद्वानांचीं मतें प्रत्यक्ष व लेखी गोळा केलीं, १९४१ च्या उन्हाळ्यांत नाशिकजवळ गजपंथा क्षेत्रीं पंडितांची बैठक भरविली, आणि त्या विचारविनिमयांतून ‘जैन संस्कृति संरक्षक संघ’ काढून त्याला तीस हजार रुपये देऊं केले. पुढें १९४४ मध्यें सुमारें दोन लाखांची आपली सर्व मिळकत त्यांनीं संघाच्या स्वाधीन केली. १६ जानेवारी १९५७ रोजीं ते निवर्तले. म्हणजे निंबाळचे रानडे आणि सोलापूरचे जीवराज ह्यांच्या मृत्यूंत पांच महिन्यांचेंहि अंतर नाहीं. संघाच्या ‘जीवराज जैन ग्रंथमाले’चें संपादन डॉ. आदिनाथ उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन ह्या दोन नामांकित पंडितांनीं सांभाळलें. ‘तिलोयपण्णत्ती’ ह्या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग १९४३ त, दुसरा १९५१ त निघाला. कृष्णकांत हंदिकी ह्यांचा ‘यशस्तिलक’ काव्यावरील मोठा इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्यें ह्याच मालेंतून बाहेर पडला. कापडगिरण्यांच्या गांवीं असे ग्रंथ छापून निघावेत ह्याचें दूरच्या विद्वानांना नवल वाटलें असल्यास त्यांत वावगें कांहीं नाहीं.

ह्या मालेंत १९६० सालीं पंडित कैलासचंद्र शास्त्री ह्यांनीं संपादिलेला ‘कुंदकुंद-प्राभृत-संग्रह’ प्रसिद्ध झाला. दिगंबर परंपरेंतील परम मान्य आचार्य कुंदकुंद ह्यांच्या प्राकृत गाथा विषयवार लावून त्यांना हिंदी अर्थ जोडलेला, असें त्याचें स्वरूप आहे. आरंभ करणाराला कुंदकुंद अवघड जातील अशी भीति कोणी घालील. परंतु नवख्याला शिकवावें कसें ह्याचा विचार ह्या आचार्यांनीं स्वतःच करून ठेविला आहे. त्यांच्या ‘समयसारां’त एक दाखला येतो : म्लेच्छाला त्याच्या भाषेवांचून जसें कांहीं समजावितां येत नाहीं, तसा व्यवहाराच्या भाषेवांचून परमार्थाचा उपदेश करतां येत नाहीं. शिकविणाराला ही सूट देऊन लगेच ते दुसरीकडून बजावतात कीं ती भाषा म्हणजे परमार्थ नव्हे. व्यवहारनय आणि निश्चयनय हे दोन शब्द एरवीं पाठ करूनहि उमगत नाहींत. ह्या एका दाखल्यानें ते जागच्या जागीं बसतात.

त्याच ग्रंथांत पुण्यपापाचें प्रकरण आहे, आणि तेथें तळ्याकांठचा प्रश्न पुन्हां समोर येतो. लोखंडाची बेडी माणसाला बांधते; सोन्याची बेडीहि बांधतेच. वाईट कर्म ही पहिली बेडी, चांगलें कर्म ही दुसरी. दाखला इतका साधा आहे कीं वाचणारा क्षणभर हसतो, आणि मग त्याच्या लक्षांत येतें कीं आपण आयुष्यांत ज्या चार गोष्टी अभिमानानें सांगूं शकतों त्यांवरच हें बोट ठेवलेलें आहे. ज्या संघानें हे ग्रंथ छापले तो एका माणसाच्या दोन लाखांच्या दानावर उभा होता. तें दान सोन्याची बेडी म्हणावयाचें, कीं परिग्रहाची बेडी तोडणें म्हणावयाचें? संघाच्या पुस्तकांच्या आरंभीं ही हकीकत छापलेली असते, तेथें जीवराजजींच्या ‘परिग्रहनिवृत्ती’चा उल्लेख येतो, म्हणजे दात्याच्या बाजूचें उत्तर छापून ठेवलेलें आहे. वाचकानें तें लगेच मान्य करण्याची घाई करूं नये आणि नाकारण्याचीहि करूं नये. दान देतांना मनांत काय असतें हें बाहेरून दिसत नाहीं, हीच तर अल्लमांची सिद्धरामांपाशीं तक्रार होती.

आतां प्रत्यक्ष वाचन कसें करावें ह्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कारण चांगले ग्रंथ घरांत येऊन कपाटांत पडल्याचीं उदाहरणें कमी नाहींत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ह्या एका प्रश्नावांचून दुसरें कांहीं वाचूं नये. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायाचा पूर्वार्ध, समयसारांतील पुण्यपापाच्या गाथा, आणि संपादनेंतील सिद्धरामांचें प्रकरण, एवढें पुरे. सोलापुरांत अनेक घरांतून कानडी बोललें जातें. ज्यांच्या घरीं तें नाहीं त्यांना शेजारीं मिळेल, आणि शेजाऱ्याकडून वचन समजावून घेण्यांत छापील भाषांतरापेक्षां जास्त लाभ आहे. शिवाय वचनांचे मराठी अनुवाद आतां सुलभ झाले आहेत. वाचन मोठ्यानें करावें. ओवी, गाथा, वचन हे सर्व कानासाठीं रचलेले प्रकार आहेत. डोळ्यांनीं घाईनें वाचले कीं त्यांतला थांबा नाहींसा होतो, आणि विचार बहुधा थांब्यापाशींच असतो. मूळ वाचून झाल्यावर अर्थावर हात ठेवावा, आपल्याला काय समजलें तें वहींत दोन ओळींत लिहावें, आणि मगच हात काढावा. आपला अर्थ चुकला म्हणून खट्टू होण्याचें कारण नाहीं. कोठें चुकला हें कळणें हाच त्या दिवसाचा पाठ.

टीका, भाष्यें, प्रस्तावना हीं मागाहून. लोकमान्य टिळकांचें ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें गेलें आणि १९१५ त प्रसिद्ध झालें. कर्म कीं ज्ञान ह्या वादांत त्याच्याइतका जोरदार वकील मराठींत दुसरा नाहीं. परंतु वकिलाचें भाषण ऐकण्यापूर्वीं फिर्यादीची कैफियत वाचलेली असावी. रहस्य आधीं वाचलेल्या माणसाला गीतेंत टिळकच दिसूं लागतात, आणि शांकरभाष्य आधीं वाचलेल्याला शंकराचार्य. अर्जुनाचा वैताग दोघांनाहि दिसेनासा होतो.

एकट्यानें वाचण्यापेक्षां घरांत दोघांतिघांनीं वाचलें तर फार बरें. एकानें सिद्धरामांची बाजू घ्यावी, दुसऱ्यानें अल्लमांची, आणि पुढच्या आठवड्यांत बाजू बदलाव्यात. ग्रीसमध्यें प्लेटोचे संवाद जे इतके टिकले त्याचें एक कारण हेंच कीं त्यांत सॉक्रेटिसासमोर कोणी तरी जिवंत माणूस आहे. पवित्र म्हणजे काय हा प्रश्न घेऊन ‘युथिफ्रो’ हा लहानसा संवाद सुरू होतो आणि उत्तर न मिळतांच संपतो, आणि वाचकाला तो संपलासा वाटत नाहीं. आपल्या घरांतहि असा संवाद होण्यास पंडित असावे लागतात असें नाहीं. दर संक्रांतीला वाण देणाऱ्या गृहिणीला सोन्याच्या बेडीविषयीं जें विचारावेंसें वाटेल, तें पुष्कळ शास्त्र्यांना सुचलें नसेल. कॉलेजांत जाणारा मुलगा विचारील कीं तळें खणविणारानें मन शुद्ध होईपर्यंत वाट पाहिली असती तर गांवानें काय प्यावयाचें होतें? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. ज्ञानेश्वरींतील तिसरा अध्याय पुढें वाचीत गेलें म्हणजे श्रीकृष्णाचें बोलणें ह्याच आक्षेपाच्या दिशेनें वळतांना दिसेल. कुंदकुंदांच्या गाथांपाशीं त्याला मागें यावें लागेल. दोन्ही वेळां त्यानें आपल्या पायांनीं चालत गेलें पाहिजे.

एक सावधगिरी. आरंभींच्या उत्साहांत वाचकाला वचनें तोंडीं लावण्याची फार हौस येते. सोन्याच्या बेडीची गाथा पाठ झाली कीं देणगीची पावती घेऊन आलेल्या माणसाला तोच दाखला ऐकवून दारांतून परत लावणारे तत्त्वज्ञहि असतात. त्यांनीं कुंदकुंद वाचले खरे, परंतु सोयीपुरते. वचन ज्या वादांत उच्चारलें गेलें त्यांतून तोडून भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत छापलें कीं त्याचा असाच उपयोग होतो.

सिद्धरामांच्या प्रकरणापुरतें आणखी एक. कल्याणास गेलेले सिद्धराम तेथेंच राहिले नाहींत. परंपरा सांगते कीं ते सोन्नलगीला परतले, आणि त्यांची समाधि त्या तळ्यांतील मंदिराच्या आवारांतच आहे. वाद ऐकून ज्यानें तळ्याचें काम सोडलें तो पुन्हां तळ्यापाशीं कां आला? तो आला तेव्हां त्याच्या लेखीं तें तळें पूर्वीचेंच होतें काय? हे दोन प्रश्न वाचकानें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत आणि मगच संपादनेचें तें प्रकरण उघडावें.